खातं बंद केलंस म्हणजे नक्की काय केलंस?

लॅपटॉप मिटू नकोस. स्क्रीन तशीच राहू दे आणि समोर बस. बाकीच्यांनीही थांबायचं आहे. ह्याने केलेल्या चुका तुमच्यातल्या निम्म्यांच्या कामात मला दिसल्या आहेत, म्हणून हे सगळ्यांसमोर बोलते आहे.

तू दाखवलंस ते असं. एका संस्थेचा सर्व्हर. त्यावर ईमेलसाठी पोस्टफिक्स आणि डव्हकॉट, फायली चढवायला प्रोएफटीपीडी, आतल्या कामाची एक वेबसाइट, आणि या सगळ्यांच्या मागे मायएसक्यूएलमधलं ‘युजर्स’ नावाचं एकच टेबल. पासवर्ड एकदा बदलला की चारही ठिकाणी बदलतो, हे तू अभिमानाने करून दाखवलंस. कल्पना चांगली आहे. प्रत्येक सेवेची वेगळी यादी ठेवली की वर्षभरात त्या याद्यांचा एकमेकींशी मेळ राहत नाही. त्यामुळे टेबल का केलंस असं मी विचारणार नाही. मी एवढंच म्हटलं, ‘सगळ्या ओळी दाखव.’ तू दाखवल्यास. तिसऱ्या कॉलममध्ये प्रत्येकाचा पासवर्ड जसाच्या तसा. लेखनिक बाईंचा, वॉचमनचा, अध्यक्षांचा. मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल, गाडीचा नंबर, कुलदैवत. मी नजर वळवली. तू वळवली नाहीस, कारण तुला त्यात काही वावगं दिसलंच नाही. मला राग आला तो तिथे.

हा परीक्षेपुरता प्रकल्प असता तर गुण कापले असते आणि विषय मिटला असता. पण हे चालू आहे. तीनेकशे माणसं त्यावर रोज काम करतात. तू कोण हेसुद्धा त्यांना माहीत नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं, इथे पासवर्ड टाका, आणि त्यांनी टाकला. बहुतेकांनी तोच टाकला असणार जो त्यांच्या खासगी ईमेलला आहे, आणि खासगी ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात बँकेचं खातंही जायला वेळ लागत नाही. तेव्हा ‘आमच्या सर्व्हरवर गुप्त असं काही नाही, मॅडम’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नकोस. तुझ्या सर्व्हरवर जे नाही त्याच्याही चाव्या त्या कॉलममध्ये आहेत.

हे असं का झालं, तेही मी शोधलं. तू समोर ठेवलेली कृती जुनी होती. तिच्यात पासवर्ड साठवताना मायएसक्यूएलचं ‘एन्क्रिप्ट’ हे फंक्शन वापरलेलं होतं. ते ८.० मालिकेत काढून टाकलं आहे. तुझ्याकडे त्रुटी आली आणि तू ते फंक्शनच ओळीतून उडवलंस. मग ओळ चालली, आणि चालली म्हणजे बरोबर असं धरून तू पुढे गेलास. ते का काढलं, याचा शोध पाच मिनिटांत लागला असता. त्याला सॉल्ट न देता नुसता पासवर्ड दिला तर युनिक्सचं जुनं क्रिप्ट चालायचं, आणि ते पासवर्डची पहिली आठच अक्षरं बघायचं. नववं अक्षर काहीही असलं तरी दार उघडायचं. ‘पासवर्ड’ नावाचं त्याचं भावंडही ८.० मध्ये गेलं. ते मायएसक्यूएलच्या स्वतःच्या खात्यांसाठी होतं, तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये वापरू नका असं त्यांच्याच कागदपत्रांत लिहिलेलं होतं, तरी लोकांनी वापरलं. ४.१ आवृत्तीत त्याचा हॅश १६ अक्षरांवरून ४१ अक्षरांवर गेला, तेव्हा त्यावर उभी असलेली लॉगिनं कोसळली. त्रुटीचा संदेश आला की तो वाचायचा असतो, त्याच्या वाटेतून पळायचं नसतं.

तुझी दुसरी सबब ऐकायला जरा बरी आहे, म्हणून तिला नीट उत्तर देते. तू म्हणालास, क्रॅम-एमडी५ पद्धतीने लॉगिन द्यायचं तर सर्व्हरला मूळ गुपित ठाऊक असावं लागतं. मूळ गुपित किंवा त्याच्या तोडीचं काही, तेवढं खरं आहे. ती पद्धत आली तेव्हा जोडणी उघडी असायची, तारेवरून पासवर्ड जाऊ नये म्हणून तो खटाटोप होता. त्याची किंमत अशी की तारेवर लपवलेलं गुपित, किंवा त्याच्या तोडीचं काही, सर्व्हरवर ठेवावं लागतं. आज टीएलएस आहे. जोडणी आधी बंदिस्त करायची, तिच्या आतून पासवर्ड साधा पाठवायचा आणि सर्व्हरवर फक्त त्याचा हॅश ठेवायचा. त्याच घराण्यातली डायजेस्ट-एमडी५ ही पद्धत २०११ मध्येच अधिकृतपणे इतिहासजमा केली गेली. आणि एवढी काळजी तारेची होती, तर मग प्रोएफटीपीडीवर टीएलएस का नाही? साधा एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतो. म्हणजे डव्हकॉटसमोर तू कितीही जाड दार बसव, तोच माणूस तोच पासवर्ड एफटीपीला देतो तेव्हा तो वायफायवर बसलेल्या कुणालाही वाचता येतो. चार सेवांना एक पासवर्ड दिलास त्या क्षणी चौघींची मजबुती सर्वांत कच्च्या सेवेएवढी झाली. हे एक वाक्य वहीत लिहा. सगळ्यांनी.

उघडे पासवर्ड ही काही नवी चूक नाही. ती संगणकाइतकी जुनी आहे आणि तिचा इतिहास तुम्हाला शिकवलेला आहे. १९६० च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेवर एक प्रशासक पासवर्डची फाईल दुरुस्त करत होता आणि दुसरा रोजची सूचना लिहीत होता. एडिटरच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि काही काळ लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापले गेले. कुणी चोर आला नव्हता. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात ही घटना नोंदवली ती याच कारणासाठी: फाईल कितीही जपली तरी एक दिवस ती बाहेर जाते, म्हणून फाईलमध्ये पासवर्ड असताच कामा नये. त्यानंतर तीस वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, रॉकयू कंपनीच्या डेटाबेसमधून ३ कोटी २० लाख पासवर्ड उघडे बाहेर गेले. घुसायला वापरलं होतं एसक्यूएल इंजेक्शन. त्यातून निघालेली सव्वा कोटीहून जास्त वेगवेगळ्या पासवर्डांची यादी आजही काली लिनक्सबरोबर येते, आणि तुम्हीच ती लॅबमध्ये हॅश फोडायला वापरता. ती यादी वापरताना ती माणसांची आहे हे तुमच्या मनात कधी आलं का?

आता म्हणशील, ‘एमडी५ लावतो.’ नको. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, ते एसएचए-१ चे होते आणि सॉल्ट नव्हता. दोन माणसांचा पासवर्ड एक असेल तर हॅशही एक, आणि एक फुटला की दोघांचा फुटला. चार वर्षांनी कळलं की गेलेली खाती ११ कोटींच्या वर होती. २०१३ मध्ये अडोबीने हॅशसुद्धा केले नव्हते, सगळे पासवर्ड एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केले होते, आणि शेजारी लोकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या. लोकांनी शब्दकोड्यासारखे ते सोडवले. वेगाने होणारा हॅश इथे तुमचा शत्रू आहे. म्हणून नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर्स यांनी १९९९ मध्ये बीक्रिप्ट मांडलं, मुद्दाम संथ, आणि तो संथपणा यंत्रं वेगवान होतील तसा वाढवता येईल असं. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत आर्गॉन२ निवडलं गेलं, ते वेळेबरोबर मेमरीही खातं. या दोनांपैकी एक घ्यायचं. स्वतःचं काही रचायचं नाही.

घ्यायचं म्हणजे समजून घ्यायचं. बीक्रिप्टचा निकाल ६० अक्षरांचा असतो. तुझा कॉलम ५० चा आहे. मायएसक्यूएल ५.७ पासून मुळातच कडक मोडमध्ये येतं, ते तुला अडवेल. पण तू कॉन्फिगमध्ये तो मोड बंद करून ठेवला आहेस, पुन्हा कुठल्यातरी त्रुटीपासून पळायला. मग शेवटची दहा अक्षरं गुपचूप कापली जातील आणि एकाही माणसाला लॉगिन करता येणार नाही. आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकं तुम्हाला सांगणार नाहीत, कारण ती आपली अडचण आहे. बीक्रिप्ट ७२ बाइटच्या पुढचं काही बघत नाही. रोमन अक्षर एका बाइटचं, देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वरी’ हा एक शब्द अकरा चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटचा. कुणी मराठीत लांब वाक्याचा पासवर्ड ठेवला तर साधारण चोविसाव्या चिन्हानंतरचं सगळं वाया. शिवाय ‘दुसऱ्या’ मधला ऱ दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एकतर एका चिन्हाने किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना एकच दिसतं, बाइट वेगळे, हॅश वेगळा. घरच्या फोनवर चालणारा पासवर्ड कचेरीतल्या संगणकावर चालत नाही आणि त्या माणसाला वाटतं आपणच विसरलो. हॅश करण्याआधी युनिकोडचं एकच रूप करून घ्यायचं असतं. मराठी माणसांसाठी लॉगिन बांधणाऱ्याला हे माहीत नसेल तर कुणाला असणार?

आणि इथेच तुझ्या रचनेतली खरी अडचण उघडी पडते, ती पासवर्ड उघडा ठेवण्यापेक्षा खोल आहे. तू चारही सेवांना टेबलाशी थेट बोलायला लावलं आहेस. चौघीही पासवर्डचा कॉलम वाचतात आणि आपापल्या परीने तपासतात. डव्हकॉटला हॅशच्या आधी महिरपी कंसात पद्धतीचं नाव लिहिलेलं चालतं, त्यामुळे जुने-नवे हॅश एकाच कॉलममध्ये राहू शकतात. प्रोएफटीपीडीला डव्हकॉटच्या त्या सगळ्या खुणा कळत नाहीत. वेबसाइटच्या भाषेला तिसरंच काही सोयीचं. मग चौघींना कळेल असा एकच प्रकार उरतो, तो सगळ्यांत दुबळा. तुझ्या कृतीत पासवर्ड उघडा राहिला त्याचं मूळ इथे आहे. तपासणारी सेवा एकच हवी. बाकीच्यांनी तिला विचारायचं: हे नाव, हा पासवर्ड, खरं की खोटं? पोस्टफिक्सला तर स्वतः तपासायची गरजच नाही, तो एसएएसएलसाठी डव्हकॉटलाच विचारू शकतो, आणि ती सोय दोन ओळींची आहे. तुझ्या कॉन्फिगमध्ये त्या ओळी होत्या. तू त्यांच्यापुढे टिप्पणीची खूण लावून त्या बंद केल्यास.

आता परवानग्या. चारही सेवा मायएसक्यूएलच्या रूट खात्याने जोडल्या आहेत. चारही कॉन्फिग फायली सर्व्हरवरच्या कुणालाही वाचता येतात, आणि चौघींत रूटचा तोच पासवर्ड. हे पाहून मी पुढचं बघणं थांबवणार होते. टपाल वाटणाऱ्याला पत्ता लागतो, तिजोरीत काय आहे ते लागत नाही. पोस्टफिक्सला एवढंच कळायला हवं की हा पत्ता आपल्याकडे आहे का आणि त्याची पत्रपेटी कुठे. त्याला पासवर्डचा कॉलम कशाला? मायएसक्यूएलमध्ये कॉलमपुरती परवानगी देता येते, आणि ती तुम्ही तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितली होती. प्रत्येक सेवेला वेगळं खातं, त्याला फक्त वाचायचा हक्क, तोही लागणाऱ्या कॉलमांपुरता. लिहायचा हक्क फक्त पासवर्ड बदलणाऱ्या पानामागच्या खात्याला. ‘इतकी सावधगिरी कशाला, सॉफ्टवेअर चांगलं आहे,’ असं तू म्हणालास. २००९ मध्ये याच प्रोएफटीपीडीच्या एसक्यूएल मॉड्यूलमध्ये भोक सापडलं होतं. युजरनेममध्ये टक्क्याचं चिन्ह घालून एसक्यूएल इंजेक्शन करता यायचं, म्हणजे लॉगिन न करताच लॉगिन. लिहिणारे अडाणी नव्हते. चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही भोकं सापडतात, म्हणूनच एक सेवा पडली तर ती किती घेऊन पडेल हे आपण आधी ठरवून ठेवायचं असतं. तुझ्याकडे कुठलीही पडली की सगळं पडतं.

त्या टेबलात यूआयडीचा कॉलमही आहे. प्रोएफटीपीडीत ठरावीक आकड्याखालचे यूआयडी नाकारायची सोय असते. तू ती मर्यादा शून्यावर आणलीस. म्हणजे ज्याला त्या टेबलात एक आकडा बदलता येईल त्याच्या वाटेतला एक अडसर तू स्वतः काढून दिलास.

लॉगबद्दल थोडक्यात सांगते. जुळवाजुळव करताना तू डव्हकॉटमध्ये पासवर्डसकट तपशील लिहायचा पर्याय चालू केलास आणि तो तसाच राहिला. मायएसक्यूएलचा सर्वसाधारण क्वेरी लॉगही चालू आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, ते हॅश होण्याआधी आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते म्हणून. २०१९ मध्ये फेसबुकलाही कोट्यवधी पासवर्डांबद्दल तेच कबूल करावं लागलं. उद्या तू हॅश लावशील आणि त्या लॉगमध्ये पासवर्ड उघडेच जात राहतील.

आता मुख्य गोष्ट. मी विचारलं, कुणी संस्था सोडली तर काय करतोस? तू म्हणालास, खातं बंद करतो. कसं? ‘ॲक्टिव्ह’ कॉलममध्ये शून्य लिहितो. मग मी चौघींच्या क्वेरी वाचल्या. ‘ॲक्टिव्ह’ची अट फक्त डव्हकॉटच्या आणि वेबसाइटच्या क्वेरीत आहे. पोस्टफिक्सच्या क्वेरीत नाही, म्हणून त्या माणसाच्या नावाने पत्रं येत राहतात आणि एका पेटीत साचत राहतात, जी कुणी उघडत नाही. प्रोएफटीपीडीच्या क्वेरीत नाही, म्हणून तो आजही फायली उतरवू शकतो आणि पुसू शकतो. वेबसाइटच्या क्वेरीत ती आहे, पण फक्त लॉगिनच्या वेळी तपासली जाते; ज्याचं सत्र आधीच उघडं आहे त्याला कुणी विचारत नाही. तू एका कॉलममध्ये शून्य लिहिलंस आणि ‘बंद केलं’ असं संस्थेला कळवलंस. ते खोटं होतं. तू जाणून खोटं बोलला नाहीस, पण संस्थेच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही.

अट सगळ्या क्वेरींत घातलीस तरी काम संपत नाही. डव्हकॉटची ऑथ कॅश तू चालू केली आहेस आणि तिचा अवधी एक तास आहे. टेबलात नाव पुसल्यावरही तासभर जुना पासवर्ड चालू शकतो. आणि ज्याच्या फोनवर आयमॅपची जोडणी आधीच उघडी आहे ती टेबलाकडे पुन्हा जातच नाही, दिवसेंदिवस उघडी राहते. कॅश रिकामी करायची आज्ञा वेगळी, जोडणी तोडायची आज्ञा वेगळी, दोन्ही डव्हकॉटमध्ये आहेत आणि दोन्ही तुझ्या पद्धतीत नाहीत. त्या माणसाने एसएसएचची किल्ली ठेवून दिली असेल तर ती पासवर्डाला विचारतच नाही. त्याच्या नावाने क्रॉनमध्ये काही लावलेलं असेल तर ते रात्री चालतच राहतं.

कॅशला साधी गोष्ट समजू नका. ऑक्टा ही कंपनी दुसऱ्यांच्या लॉगिनचाच धंदा करते, तिच्याकडे या विषयातली जाणती माणसं आहेत. जुलै २०२४ मध्ये त्यांनी केलेल्या एका बदलात कॅशची किल्ली बनवायला बीक्रिप्टमधून आयडी, युजरनेम आणि पासवर्ड एकापाठोपाठ दिले जात होते. मघाशी सांगितलेली ७२ बाइटची मर्यादा आठवा. युजरनेम ५२ अक्षरांचं किंवा त्याहून लांब असलं की पासवर्ड मर्यादेच्या बाहेर जायचा. आधी एकदा यशस्वी लॉगिन झालेलं असेल आणि मागची डिरेक्टरी उत्तर देत नसेल तर नुसत्या युजरनेमवर आत जाता येण्याची शक्यता होती. ऑक्टोबरच्या शेवटी ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जाहीरपणे सांगितलं. एवढ्या जाणत्या लोकांचं असं होतं, आणि तू कॅश ‘वेग वाढावा म्हणून’ चालू करून तिचं पान वाचलंही नाहीस.

आणि यूआयडी. नवा माणूस आला की तू टेबलातला सर्वांत मोठा आकडा घेऊन त्यात एक मिळवतोस. शेवटी आलेला माणूस आधी गेला आणि तू त्याची ओळ पुसलीस, तर पुढच्याला तोच आकडा मिळतो. डिस्कवरच्या फायलींना माणसाचं नाव माहीत नसतं, फक्त आकडा माहीत असतो. नवा माणूस पहिल्या दिवशी आत येतो आणि गेलेल्याच्या सगळ्या फायली त्याच्या मालकीच्या असतात. पगारपत्रकं, रजेचे अर्ज, आजारपणाचे कागद. ओळ पुसायची नसते. ती बंद करून ठेवायची, आणि आकडा पुन्हा कधीच वापरायचा नाही.

नावांचंही असंच. तुझ्या टेबलाचं कोलेशन लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाही आणि शेवटची मोकळी जागा तुलनेत धरत नाही. तेवढाच फरक असलेली दोन नावं टेबलाच्या लेखी एक, पण फाईलसिस्टमच्या लेखी दोन. एकाच बाईंच्या दोन पत्रपेट्या तयार झाल्या आहेत आणि त्यांची अर्धी पत्रं कुठे जातात हे त्या तुला विचारत होत्या. क्वेरीने टेबलातलं नाव परत द्यायचं आणि सेवेने तेच वापरायचं. वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव जसंच्या तसं पुढे नेऊ नये.

समज, डेटाबेस बंद पडला. तू पॅमही त्याच टेबलाला जोडलं आहेस, स्वतःच्या एसएसएच खात्यासकट. डेटाबेस दुरुस्त करायला आत जायचं आणि आत जायला डेटाबेस हवा. प्रशासकाचं खातं स्थानिक फायलीतच राहतं, याला अपवाद नाही. आणि तो बंद पडणारच आहे. मायएसक्यूएल मुळात १५१ जोडण्या घेतो. पोस्टफिक्स एका सेवेच्या १०० प्रक्रियांपर्यंत जातो, आणि तू प्रॉक्सीमॅप न वापरल्यामुळे प्रत्येक प्रक्रिया आपली वेगळी जोडणी उघडते. स्पॅमची एक लाट आली की वेबसाइटला आणि डव्हकॉटला जागा उरत नाही. पोस्टफिक्स निदान शहाणा आहे, टेबल मिळालं नाही तर पत्र परत न लावता ‘नंतर या’ असं सांगतो. तुझी वेबसाइट अशा वेळी काय करते ते मी वाचलं. क्वेरी अपयशी ठरली की निकाल रिकामा येतो, आणि रिकाम्या निकालाला तू ‘मर्यादित प्रवेश’ देतोस. उत्तर मिळालं नाही तर दार बंद राहिलं पाहिजे.

तू मघापासून म्हणतो आहेस की मी तुला एलडॅप शिकायला लावणार. मी तसं म्हटलेलं नाही. एलडॅपला चांगलं कारण आहे. तिथे सेवा नाव आणि पासवर्ड घेऊन दार ठोठावते आणि हो किंवा नाही एवढं ऐकते; हॅश तिच्या हाती लागत नाही. पण एलडॅप बसवूनही माणसं हीच सगळी माती करू शकतात. सनच्या एनआयएसमध्ये एका आज्ञेत अख्ख्या जाळ्याचे हॅश कुणालाही उतरवून घेता यायचे, आणि तीही केंद्रीय यादीच होती. तीनशे माणसांच्या संस्थेला मायएसक्यूएलचं टेबल पुरतं. पुरत नाही ती तुझी बेफिकिरी.

कायद्याची दोनच वाक्यं, कारण तुम्ही नोकरीला लागाल तिथे तो तुमच्या वरिष्ठांच्या टेबलावर असेल. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे.

आता काम. आज घरी जाण्याआधी एफटीपी बंद होईल, फायलींसाठी एसएफटीपी. मग चारही सेवांची वेगळी खाती, रूटचा पासवर्ड बदललेला, कॉन्फिग फायली फक्त त्या-त्या सेवेला वाचता येतील अशा. कॉलम २५५ चा कर आणि कडक मोड परत चालू कर. पासवर्ड उघडे आहेत त्याचा एकच उपयोग आहे: त्यांचे हॅश आज इथे बसून करता येतील, कुणाला लॉगिन अडणार नाही. मग उघडा कॉलम काढून टाकायचा. त्याच्या प्रती बॅकअपमध्ये आहेत, वेबसाइटच्या फोल्डरमध्ये तू ठेवलेल्या एसक्यूएलच्या फायलीत आहेत, लॉगमध्ये आहेत, आणि तुझ्या या लॅपटॉपवर आहेत. एकेक शोधून पुसायची. मग सोडून गेलेल्यांची यादी संस्थेकडून कागदावर घे आणि प्रत्येक नाव चारही सेवांवर स्वतः टाकून बघ, आत जाता येतं का.

एवढं झाल्यावर तू म्हणशील, आता सगळं नीट झालं, कुणाला सांगायची गरज नाही. तुझ्या चेहऱ्यावर ते आत्ताच दिसतं आहे. गरज आहे. ते टेबल किती जणांनी वाचलं हे तुलाही सांगता येत नाही, कारण वाचल्याची नोंद तू ठेवली नाहीस. त्या तीनशे माणसांचे पासवर्ड इतके महिने उघडे होते, आणि तोच पासवर्ड त्यांनी बाहेर कुठेही वापरला असेल तर तो त्यांनी आजच बदलायला हवा. हे त्यांना तुझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार? संस्थेच्या प्रमुखांना आधी प्रत्यक्ष भेट, मग सगळ्यांना पत्र. पत्र मराठीत लिही, वॉचमनला एका वाचनात कळेल असं. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द त्यात नकोत. काय उघडं होतं, कधीपासून होतं, कुणाच्या चुकीने होतं आणि आता त्यांनी काय करायचं, एवढं लिही, खाली स्वतःचं नाव घाल, आणि पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. मी सहा वाजेपर्यंत इथेच आहे.